सात सूत आणि केसभर

उद्यमनगरात दुपारी लाइट गेली,
लेथचा चक फिरता फिरता थांबला,
आणि मी कपाटावरनं पृथ्वी खाली काढली.
बारा इंची. पद्मल सातवीत असताना
भाऊसिंगजी रोडवरनं आणलेली.
आस थोडा लचकलाय,
ब्राझीलवर माझ्याच अंगठ्याचं ग्रीस.

वर, जिथं रंग संपून नुसता पांढरा उरतो,
तिथं पेनानं केलेले दोन ठिपके.
एक ट्रॉम्सो.
दुसरा लाँगइयरब्येन,
जे आमच्या घरात कुणाला एका दमात आलेलं नाही.
तिची आई म्हणते लांबवाडी.
मग लांबवाडीच.

धागा ताणला, पट्टीवर धरला.
सात सूत आणि केसभर.
मोबाइल म्हणतो नऊशे सत्तावन्न किलोमीटर,
विमानानं एक तास चाळीस मिनिटं.

एक तास चाळीस मिनिटं मला ठाऊक आहेत:
पंपाचे चार शाफ्ट, मधे एक चहा.
किंवा स्कूटरवर निपाणी गाठून,
मेव्हण्याकडं घोटभर पाणी पिऊन
परतीला लागायचं.
त्यात कुठंच बर्फ नाही.

उजळाईवाडीवरनं ती पहिल्यांदा उडाली तेव्हा
जाळीला बोटं अडकवून आम्ही दोघं उभे.
विमान तिळाएवढं झालं, मग तीळही नाही.
घड्याळ लावलं होतं मी. तीन मिनिटं दिसलं.
विमानाबद्दल मला एवढंच सांगता येईल.

तिच्या आईचा प्रश्न निराळा.
आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवतात. अंथऊ.
"तिथं महिनोन्महिने सूर्यच उगवत नाही म्हणे,
मग पोरीनं जेवायचं कधी?"
बस्तीतल्या उपाध्यांना विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाले, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आदगोंडा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन.
"आप्पा, ट्रॉम्सोत सूर्य आलाय परत.
लांबवाडीत अजून नाही.
म्हणजे या वाटेत कुठंतरी तो संपतो की!
खिडकी मागून घेतली.
मान मोडेस्तोवर मागं बघत होते.
क्षितिजावर एक रेघ,
भट्टीतनं काढलेल्या सळईसारखी, आधी पिवळी, मग तांबडी.
विमान उतरायला लागलं तशी विझत गेली.
घाईघाईनं डबा उघडला, आईचे शेंगदाण्याचे लाडू.
शेजारचा म्हातारा म्हणाला, एवढी घाई कसली?
म्हटलं, दिवस बुडतोय.
तर म्हणतो, दिवस की महिना?
त्यानंही एक खाल्ला."

मी हसलो. फोन ठेवल्यावर
चारदा नाक शिंकरलं, धूळ फार असते इथं.

तिच्या आईनं आता निकाल देऊन टाकलाय:
तुझा सूर्य इथला.
रंकाळ्यापलीकडं बुडला, की तुझा बुडला.
रोज सहाच्या सुमाराला गच्चीवर जाते,
हाताचा आडोसा करून पश्चिमेला बघते,
आणि एक मिस्ड कॉल देते.
तिथं तेव्हा दुपारचा दीड,
बाहेर काळोख,
आणि आमची पोर, बर्फाचे दांडके मोजायचे सोडून,
हातमोजे काढून डब्याकडं धावत असणार.

लाइट आली. चक फिरायला लागला.
पृथ्वी वर ठेवायची राहिली,
धागा तसाच ठिपक्यांवर.
जॉबच्या वहीत, का कोण जाणे, लिहून ठेवलं:
सात सूत.
वरचं केसभर लिहिलं नाही.
तेवढं सोडून देता येतं, असं नाही.
आमच्या धंद्यात केसभर चुकलं
तर जॉब परत येतो.